न्यायला कुणी आलं नाही

लग्नाबद्दल सल्ला द्यायला आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर वस्तीत, सगळे मोकळे आहेत. नई सडकेवरचा कासार देतो, भाजीवाली देते, ज्यांच्या घरी सून दोन दिवस धड हसली नाही त्या बायकाही देतात. मी तेवढं तोंड उघडलं की सगळ्यांच्या भुवया वर जातात. का, तर माझं मोडलेलं. अहो, ज्याचा पाय मोडला त्यालाच ठाऊक ना खड्डा कुठं आहे ते! पण नाही. रस्ता विचारायचा तो घराबाहेर न पडलेल्यांना, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

मी इंदू. ग्वाल्हेरला वडिलांच्या घरी राहते आणि हजीरा भागातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. वडील तात्यासाहेब दरबारच्या हिशेबखात्यातून पेन्शनीत निघाले. घरात थोरला भाऊ मधुसूदन, मंदावहिनी आणि त्यांची एकुलती एक लीला. आमच्या सगळ्या गोतावळ्यात घटस्फोट झालेली मी पहिली. शाळेत कधी पहिली आले नाही, इथं आले.

कशावरून मोडलं म्हणाल, तर भोपाळवरून. दुसरी बाई नव्हती, मारझोड नव्हती, दारू तर ह्यांना वासानंसुद्धा चढली असती. बघा, 'ह्यांना' म्हणायची सवय अजून जात नाही. तर माधवराव सचिवालयात कारकून. मध्यभारत झाला तेव्हा राजधान्या दोन होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापलं की दफ्तराच्या पेट्या बांधायच्या, कारकून मंडळींनी इंदूरला जायचं, थंडी पडली की परत. बायकामुलं कुणी हलवायचं नाही. परत तर यायचंच आहे, मग खामखा पसारा कशाला? अशी सवयच लागून गेली होती. मग छप्पन साली राज्यं नव्यानं मांडली, मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. सगळ्या मुलखाला कळलं की गेली ती गेली. आमच्या लष्करातल्या शहाण्यांना तेवढं कळलं नाही. तात्या म्हणाले, दोन उन्हाळे काढतील तिकडं आणि दफ्तर येईल परत. माझ्या सासूबाई विजयाबाई, त्यांचंही तेच. वर त्या म्हणाल्या, माझे गुडघे धरलेत, सून इथंच राहू दे. नवरा म्हणाला, क्वार्टर मिळालं की बघू. मला कुणी विचारलं नाही. मी आत पोळ्या लाटत होते.

पहिल्या वर्षी माधवराव महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मग सणावारी. आला की पाहुण्यासारखा बसायचा, पाणीसुद्धा मागून घ्यायचा. तिकडं खाणावळ होती, मित्र झाले होते, संध्याकाळी तलावावर फिरणं होतं. मला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही, आणि माझ्याकडे सांगायला होतं काय, तर त्याच्या आईचे गुडघे. एकदा धीर करून म्हटलं, मला घेऊन चला, एका खोलीत राहीन. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण त्यांना लेक नव्हती, म्हणून त्या भांड्यांशी बोलल्या. हो, म्हातारीला टाका आणि जा दोघं, असं त्या पातेल्याला म्हणाल्या. माधवरावानं मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.

अठ्ठावन्नच्या दिवाळीला मी माहेरी आले. आता आमच्यातली रीत अशी, की माहेरी आलेली लेक सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय परत जात नाही. आपल्या पायानं गेली तर माहेरच्यांनी हाकलली म्हणतात, किंवा मुलीला लाज नाही म्हणतात. कुणी आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, गेली तशी येईल. तात्या शाल ओढून म्हणाले, न्यायला या, मग पाठवतो. दोन्ही घरं लष्करातच, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण हाक आधी कुणी मारायची यावर सगळं अडलं. मी मधे ट्रंक घेऊन बसलेली.

मग कोर्टाचा कागद आला. बायको नांदायला येत नाही, तिला येण्याचा हुकूम व्हावा, असा माधवरावाचा अर्ज. सासूबाई साक्षीला आल्या. गुडघे त्या दिवशी एकदम ठीक होते, पायऱ्या चढून आल्या. म्हणाल्या, मी हिला दहादा सांगितलं, बाई गं नवऱ्याकडे जा, पण हिच्या मनातच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांचे पाय चेपले होते मी. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

हुकूम झाला की जा आणि नांद. मी ट्रंक भरली, खरंच भरली. तात्या दारात उभे राहिले. म्हणाले, कोर्टाच्या हुकमावर आमची मुलगी नांदायला जाणार? आपण काय चोर आहोत? त्यानं स्वतः यावं, पाटावर बसावं, दोन घास खावे आणि घेऊन जावं. वकील सांगत होता की दोन वर्षांच्या आत गेली नाही तर तो सोडचिठ्ठी मागू शकतो, नवा कायदा आहे. तात्या म्हणाले, सात पावलं काय कायद्यानं मोडतात होय? मोडली. दोन वर्षं वाट पाहून एका दुपारी कोर्टानं मोडली. बाहेर येऊन तात्यांनी टांगेवाल्याशी उगाच भांडण काढलं आणि घरी येईपर्यंत त्यालाच बोलत राहिले. मी गेले नाही असं तिथं लिहिलंय. मला जाऊ दिलं नाही, हे कुणी लिहिलं नाही.

लोकांना वाटतं, घटस्फोट म्हणजे कोर्ट, वकील, झालं. अहो, ते सोपं असतं. कठीण काय, तर संध्याकाळी गल्लीत सायकलची घंटा वाजली की हात आपोआप पदर सावरायला जातो, ते. त्याला आवडते म्हणून आपल्या तोंडी बसलेली कारल्याची भाजी, ती टाकवतही नाही नि खाववतही नाही. मला त्याचा संताप यायचा, अजून येतो. आणि संतापून थकले की रडू यायचं, कारण माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान मनासारख्या शिव्या तरी देता आल्या असत्या. वर्षाच्या आत त्यानं भोपाळातच दुसरं लग्न केलं. तेव्हा मात्र क्वार्टर लगेच मिळालं.

आणि कुंकवाचं तर विचारूच नका. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेले, तर यजमानीणबाईंचं कुंकू लावायला निघालेलं बोट मधेच थांबलं. नवरा जिवंत, म्हणून विधवा म्हणता येईना. तो माझा नाही, म्हणून सवाष्ण म्हणता येईना. त्या बिचाऱ्या बोट तसंच धरून उभ्या, मागं बायकांची रांग. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या, मला घाम येतो. तेव्हापासून हळदीकुंकवाला जात नाही. वहिनी म्हणते, तूच येत नाहीस, आम्ही कुठं नाही म्हणतो?

आता लीलाचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगायला बसले आहे.

लीलाचं लग्न ठरलं. मुलगा विश्वास, गरीब स्वभावाचा, देखणा, नोकरी भोपाळला सरकारी खात्यात. आई शालिनीताई इथं लष्करातच. भोपाळ ऐकलं मात्र, मनात म्हटलं, इंदू, गप्प बस. दुधानं तोंड पोळलं म्हणून दुसऱ्याचं ताक फुंकू नकोस. आणि मी गप्प बसले हो, केळवणापर्यंत.

लग्नाआधी मुलीला आपल्या घरचं जेवण घालतात, ते केळवण. वहिनीनं शालिनीताईंनाही बोलावलं होतं, गाव एकच म्हणून. स्वयंपाक माझ्याकडे. माझ्या हातची पुरणपोळी सगळ्यांना चालते. कुंकू चालत नाही, पुरण चालतं. ओवाळायच्या वेळी मी आत होते आणि कुणी हाकही मारली नाही. वाढायला बाहेर आले तेव्हा शालिनीताई वहिनीला सांगत होत्या, की लग्नानंतर सूनबाई माझ्याजवळ राहील. विश्वासला अजून क्वार्टर नाही. मला दम्याचा त्रास. आणि तसंही ग्वाल्हेरची बरीच खाती परत यायची म्हणतात, मुलगा इकडं येईलच बदलून.

वहिनी मान हलवत होती. तात्यासुद्धा कोचावरून मान हलवत होते. माझ्या हातात तुपाची वाटी होती, ती मी खाली ठेवली.

"शालिनीताई," मी म्हटलं, "क्वार्टर नसेल तर एका खोलीत राहतील, पण दोघं राहतील. लग्न मुलाशी लागतंय, तुमच्या दम्याशी नाही."

शालिनीताईंनी शांतपणे हात आखडला आणि पाण्याचा पेला ताटाकडे सरकवला.

"पोळी छान झालीय," त्या म्हणाल्या, "पण कुणाच्या हातची ते कळल्यावर उतरत नाही."

त्या गेल्यावर जे व्हायचं ते झालं. वहिनी रडली, दादा ओरडला, तात्या म्हणाले हात दाखवून अवलक्षण. ते सगळं मी पचवलं असतं. पण लीला माझ्याजवळ आली. लहानपणी माझ्या कुशीत झोपायची ही पोर, मी सासरी गेले तेव्हा तीन दिवस जेवली नव्हती. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. ती म्हणाली, "आत्या, तुझं नाही टिकलं तर माझं तरी टिकू दे ना. बस, तुम चुप रहो. प्लीज."

मी गप्प राहिले. दादानं जाऊन शालिनीताईंचे पाय धरले आणि वैशाखात लग्न झालं. मंगलाष्टकं मी कोठीच्या खोलीत लाडवांवर लक्ष ठेवत ऐकली. अक्षता मात्र टाकल्या, भिंतीवर.

पुढचं तुम्हीच सांगाल. विश्वास आठ दिवसांनी भोपाळला, लीला सासूजवळ. श्रावणात क्वार्टर मिळालं. शालिनीताई म्हणाल्या, श्रावणात नको, सणवार आहेत. मग म्हणाल्या, पितृपक्षात नको. मग म्हणाल्या, आता दिवाळी झाली की बघू. दिवाळसणाला लीला माहेरी आली, विश्वासही आमच्याकडे आला, दोन दिवस गोडधोड खाल्लं, लीलाशी गच्चीवर हसून बोलला. जाताना लीलानं विचारलं, मी येऊ का बरोबर? तो म्हणाला, आईला विचारून कळवतो. आणि गेला. लीला आमच्याकडेच राहिली, सासरचं माणूस न्यायला येईपर्यंत.

भाऊबीज झाली. तुळशीचं लग्न झालं, तुळससुद्धा सासरी गेली. शालिनीताईंचं कुणी आलं नाही. कानावर आलं की दिवाळसणाचं आमंत्रण द्यायला तात्या स्वतः गेले नाहीत, दादाला पाठवलं, म्हणून त्यांचा मान राहिला नाही. आता मुलगी गेली तशी येईल, असं त्या म्हणतात म्हणे.

तात्यांनी ऐकलं. कोचावर बसून शाल अंगाभोवती ओढली आणि म्हणाले, न्यायला येऊ देत, मग पाठवू.

तेच वाक्य, तीच शाल. मी लीलाकडे पाहिलं. ती अंगणात बसून एकाच ब्लाउजची हुकं पुन्हा पुन्हा शिवत होती. तिच्या वयाची नव्हते मी, पण बसले होते तिथंच, तुळशीकडे पाठ करून, कान दारावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत कळवलं की तब्येत ठीक नाही. लीलाची ट्रंक ओढून काढली, कपडे भरले आणि तिला म्हटलं, चल, चप्पल घाल. ती म्हणाली, आत्या, पण कुणी न्यायला... म्हटलं, मी आलेय ना न्यायला, ऊठ. वहिनी मागून किंचाळली, हिचं डोकं फिरलंय, पोरीचं वाटोळं करणार ही. दादा घरात नव्हता, देवाची कृपा. तात्या मात्र काठी टेकत दारात येऊन उभे राहिले, त्याच जागी.

"इंदू, हे शोभत नाही," ते म्हणाले.

"तात्या, शोभेचं करून झालं," मी म्हटलं. "मी बसलेय ना घरात, शोभेला."

म्हातारा माणूस, माझे वडील. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते बाजूला झाले आणि मी टांग्यात ट्रंक टाकली.

भोपाळच्या गाडीत झाशीपर्यंत लीला रडत होती. झाशीला मी पुरीभाजी घेतली, ती खाल्ल्यावर जरा सावरली. खिडकीशी टेकून बसली आणि म्हणाली, "आत्या, तुला त्यांची आठवण येते?"

मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कायदा विचारला, पोटगी विचारली, दोष कुणाचा ते विचारलं. म्हटलं, "येते गं. कुठं जाईल? राग आधी येतो, आणि तो गेला की मागून आठवण येते."

मग तिचा हात धरून सांगितलं, जे सगळ्या लष्कराला सांगायचं होतं आणि कुणी ऐकलं नसतं. म्हटलं, लग्न करताना मुलगा देखणा का, पगार किती, हे सगळं विचारतात. एकच विचारत नाहीत, की आई एका बाजूला आणि बायको एका बाजूला उभी राहिली तर हा कुठं बघतो. तुझा जमिनीकडे बघतो. म्हणजे त्याला तुलाच हाताला धरून वर बघायला शिकवायचंय, आणि ते ग्वाल्हेरला बसून होणार नाही. भांडण झालं तर भांड, भांडी आपट, पण त्याच घरात. रुसून माहेरी यायचं नाही. आलीस तर आपल्या पायानं परत जा, वाट बघू नकोस. हात उगारला तर मात्र क्षणभर थांबू नकोस, तेव्हा न्यायला मी येईन.

लीलानं मान हलवली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती बीनापर्यंत झोपली. त्या दोन तासांत मला वाटलं, चला, आपल्या मोडक्या संसाराचा एवढा तरी उपयोग झाला.

भोपाळला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. टांगा केला. तलावाच्या कडेनं निघालो. हाच तो तलाव, ज्यावर माधवराव फिरायला जायचा. पाणी होतं नुसतं. मला वाटलं होतं, काहीतरी विशेष असेल.

सरकारी क्वार्टरांच्या वस्तीत सगळी दारं सारखी. लीलाला नंबर पाठ होता. वळणावर तिनं टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. समोर तिसरं दार, दोरीवर विश्वासचा निळा शर्ट वाळत होता. मी उतरायला पाय खाली टाकला, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आत्या," ती म्हणाली, "तू इथूनच परत जा ना."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, अगं, ट्रंक जड आहे.

"मी नेते. इथं सगळे त्यांच्या ऑफिसचे लोक राहतात, ग्वाल्हेरचेच. तुझ्या माधवरावांनाही ओळखतात. आणि सासूबाईंनी सांगून ठेवलंय, तुझी सावली नको म्हणून. हे आपल्या आईला सगळं सांगतात." तिनं माझ्याकडे न बघता पदर खांद्यावर घेतला. "मी सांगेन, एकटीच आले."

कोर्टात सासूबाईंनी बघितलं नव्हतं, तशीच ही बघत नव्हती. पण हिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं. वाकून नमस्कार करायला ती निघाली, मग आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहून तशीच सरळ उभी राहिली. मी म्हटलं, जा. आणखी काय म्हणणार?

दोन्ही हातांनी ट्रंक ओढत ती गेली. मी टांग्याच्या छताखाली मागं सरकून बसले, दिसू नये म्हणून. दार वाजलं. विश्वास बाहेर आला, आधी बघत राहिला, मग हसला. लहान मुलासारखा हसला हो, इकडं तिकडं बघून तिच्या हातातून ट्रंक घेतली. "अकेली आई हो?" असं काहीसं ऐकू आलं. तिनं मान हलवली. दोघं आत गेले आणि दार लागलं.

टांगेवाल्यानं विचारलं, माई, आप नहीं उतरेंगी? म्हटलं, नाही बाबा, स्टेशनवर चल. माझा आवाज नीट निघाला, याचं मला नवल वाटलं.

परतीच्या वाटेवर मी त्या सारख्या दारांकडे बघत होते. त्यातलं एखादं माझं असतं. कुठलं, ते विचारायची इच्छा झाली नाही. स्टेशन आलं तेव्हा अजून पुरतं अंधारलंही नव्हतं. सकाळी ग्वाल्हेरहून निघालो होतो आणि दिवस मावळायच्या आत लीला आपल्या दारात होती. एवढंसं अंतर. एवढ्यासाठी मी दोन वर्षं ट्रंक भरून बसले होते.